पावणेसहाला उलटणारा दिवस

दिवाळीचे आकाशकंदील उतरवायला घेतले की मखमलाबादच्या बाजूने सकाळी सकाळी ब्लोअरचा आवाज यायला लागतो. ट्रॅक्टरमागे मोठा पंखा आणि औषधाची टाकी लावून द्राक्षबागेत फवारणी चालते, त्याची ती घरघर. बाग आमच्या गॅलरीपासून तशी लांब आहे, पण थंडीत आवाज दूरवर येतो आणि त्याच्यामागून गंधकाचा वास येतो. शेजारच्या काकू खिडक्या लावून घेतात. मी उघड्या ठेवते. घरातले म्हणतात, हिला द्राक्षांची भारी हौस. हौस कसली, एका हंगामाची टोचणी आहे.

द्राक्षाचा हंगाम म्हटलं की लोकांना फेब्रुवारीतल्या पेट्या आठवतात. मला आठवतो तो त्याआधीचा, छाटणी होऊन महिना उलटल्यावरचा काळ. वेलीला नवी पानं आलेली असतात, मोहरीच्या दाण्याएवढ्या कळ्यांचे घड फुलोऱ्यावर असतात, आणि बागायतदार रोज सकाळी पान उलटं करून बघत असतो. पानाखाली पांढरं काही दिसलं तर ती डावणी नावाची बुरशी. एकदा घडात शिरली की तो घड गेला. या दिवसांत सगळा तालुका संशयी असतो. ढगावर संशय, दवावर संशय, औषधाच्या दुकानदारावर तर असतोच असतो. त्या दिवसांत मी त्या लोकांत अगदी शोभून दिसते.

कारण मी वकील आहे, आणि वकील नसते तरी संशयीच असते. लहानपणी मी प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगून बघायची, असं आई चारचौघांत सांगते. नाशिकच्या सीबीएस एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. भाडेकरार, फ्लॅटचे करारनामे, हक्कसोडपत्रं ही आमची रोजची भाजीभाकरी. हक्कसोडपत्रावर बहीण सही करत असते तेव्हा मी तिच्याकडे बघत नाही, भावाकडे बघते. अशिलाचं म्हणणं लिहून घेताना समासात पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्हं काढायची मला सवय आहे. अशील गेल्यावर ती मोजायची, आणि पुढच्या भेटीला एकेक खोडत जायचं. काही अशिलांची खोडली जातच नाहीत.

पैसे नकोत म्हणणाऱ्या अशिलाची तर मला पहिल्यापासून भीती वाटते.

सुजाता गांगुर्डे तशी निघाली. नांदगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चाळिशीची, सडपातळ, खांद्याला शाळेचीच वाटावी अशी कापडी पिशवी. भाऊबीज उरकून दोन दिवस झाले होते. सकाळच्या एसटीने आली होती आणि बाहेरच्या बाकावर शांत वाचत बसली होती. आत आल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाली, "मॅडम, माझा प्रोग्रॅम अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीने घेतलाय."

"चोरला?"

"नाही, घेतलाय. घ्यायला परवानगी होतीच. अट पाळली नाही."

मी पेन खाली ठेवलं. चोरी झाली असं म्हणायलाही तयार नसलेली फिर्यादी मी तोवर पाहिली नव्हती.

मग तिने मला वर्गात शिकवावं तसं शिकवलं. तिचा प्रोग्रॅम ओपन सोर्स होता. म्हणजे त्याचं सगळं मूळ लिखाण, ज्याला ही मंडळी सोर्स कोड म्हणतात, ते इंटरनेटवर उघडं. कुणीही घ्या, वापरा, बदला, अगदी यंत्रात घालून विका. लायसन्सची अट एवढीच की ज्याला विकाल त्याला ते लिखाण मागितल्यावर द्यायचं, आपण केलेले बदलही द्यायचे, आणि मूळ लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत. "विरजणासारखं आहे मॅडम," ती म्हणाली. "शेजारणीकडून आणलं, दही लावलं, हवं तर विकलं. पण उद्या कुणी वाटी घेऊन दारात आलं तर नाही म्हणायचं नाही." मी विचारलं, मग भरपाई किती मागायची? तर म्हणाली, "काही नको. कोड उघडा करू दे आणि लोकांच्या बागांत बसवलेली हवामानाची यंत्रं, ते डबे, दुरुस्त करू दे. फुलोऱ्याच्या आत झालं पाहिजे, एवढंच."

समासात मी पहिलं प्रश्नचिन्ह काढलं.

दुसरं काढलं ते तिच्या जोडीदारांसाठी. प्रोग्रॅम तिच्या एकटीचा नव्हता. आणखी तिघांनी त्यात भर घातली होती. एक केरळात, एक इंदूरला, एक थेट परदेशात. तिघांनीही आपल्या वतीने कारवाई करायचं पत्र मला सही करून पाठवलं. "तुम्ही यांना कधी भेटलात?" मी विचारलं. "नाही ना," ती हसली. "इंदूरच्या सरांचा तर आवाजही ऐकलेला नाही. पण कोड चांगला लिहितात." आमच्याकडे सख्खे भाऊ बांधावरून बोलत नाहीत, आणि इथे आवाज न ऐकलेल्या माणसाबरोबर सामाईक मालकी. मला सगळंच फार गोड वाटलं, आणि गोड वाटलं की मी सावध होते.

प्रोग्रॅमची गोष्ट मात्र खरी वाटण्यासारखी होती. शाळेच्या गच्चीवर तिने मुलांकडून पर्जन्यमापक बसवून घेतला, त्याची नोंद आपोआप व्हावी म्हणून लिहायला सुरुवात केली. पुढे थंडी, वारा, पानावरचा ओलावा मोजणंही त्यात आलं, आणि बागायतीत कामाला येईल असा तो प्रोग्रॅम झाला. पण एक खोड त्यात पहिल्या दिवसापासून होती. घड्याळाचा दिवस रात्री बाराला बदलतो. सुजाताच्या प्रोग्रॅमचा दिवस पहाटे पावणेसहाला बदलायचा.

"पावणेसहाच का?"

"आई पावणेसहाला उठते," ती म्हणाली, जणू हे कायद्यातच लिहिलंय.

तिची आई वर्षानुवर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पावसाच्या नोंदी ठेवत आली आहे. चौकटीत एक थेंब म्हणजे भुरभुर, तीन थेंब म्हणजे नाला वाहिला. उठल्याउठल्या ती रात्रीचा पाऊस कालच्या चौकटीत टाकते. मध्यरात्रीनंतर दोनला पडलेला असो की चारला, झोपेतला पाऊस तो कालचाच. सुजाताला हे शास्त्रात बसत नाही हे माहीत होतं. पण पहिल्यांदा लिहिताना नोंदी आईच्या कॅलेंडरशी जुळवून बघायच्या होत्या, म्हणून तिने आईचा दिवस धरला, आणि मग तो तसाच राहिला.

कंपनीने आपला प्रोग्रॅम घेतलाय हे तिला त्याच खोडीवरून कळलं. शाळेतल्या एका सरांची सासुरवाडी दिंडोरीकडे. सासऱ्यांच्या बागेत त्या कंपनीचा डबा बसवलेला, त्याच्या नोंदी जावयाच्या मोबाईलवरही यायच्या. सरांनी सहज दाखवल्या, तर पहाटे तीनचा पाऊस आदल्या दिवशी टाकलेला. "सर, ही माझी आई आहे," असं ती स्टाफरूममध्ये म्हणाली म्हणे.

इथवर गंमत होती. पुढचं सांगताना तिचा आवाज उतरला. पान सलग काही तास ओलं राहिलं की डावणीचा धोका, तेव्हा डब्याने मोबाईलवर इशारा द्यायचा. पण तिच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पावणेसहाला दिवस बदलला की ओलाव्याची मोजणीही शून्यावर यायची. मध्यरात्रीचं दव सकाळी नऊपर्यंत पानावर टिकलं, तर त्याचे काही तास कालच्या खात्यात, काही आजच्या. दोन्हीकडे कमीच भरायचे आणि डबा गप्प बसायचा. ही चूक तिला आदल्या हंगामात सापडली होती. तिने दुरुस्ती करून इंटरनेटवर टाकलीही होती. कंपनीने मात्र त्याआधीचाच प्रोग्रॅम उचलला होता. नावं पुसल्यामुळे मूळ कुठलं हे त्यांच्याच लोकांना आठवत नसावं, मग दुरुस्ती कुठून येणार? "माझ्या चुकीने कुणाची बाग गेली तर ते मला कुणी सांगणारसुद्धा नाही मॅडम," ती म्हणाली. "डब्यावर माझं नावच नाही."

या वाक्यापाशी मी प्रश्नचिन्ह काढलं नाही. काढायला हात गेला होता, हे कबूल करते.

पुरावा हवा होता. त्या सासऱ्यांची, भाऊसाहेबांची, बाग गाठायचं ठरलं. सुजाता आदल्या दिवशी सातपूरला बहिणीकडे येऊन राहिली आणि पहाटे मी तिला गाडीत घेतलं. दिंडोरी रस्त्याला छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधाबांधावर पडले होते, कुठे त्यांची शेकोटी पेटली होती. गाडीत मी तिला बजावलं, की बागेत डब्याच्या चुकीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आपण फक्त बघायला आलोय. भाऊसाहेब कंपनीच्या जवळचे असले तर आपण घरी पोचायच्या आत तिकडे फोन जाईल, आणि सगळे डबे एका रात्रीत बदलले जातील.  ती म्हणाली, "पण त्यांना सांगायला हवं ना?" मी म्हटलं, कंपनीला आपलं नोटिशीचं पत्र गेलं की सगळ्यांनाच कळेल.

भाऊसाहेब कानटोपी घालून बॅटरी घेऊन उभेच होते. साठीचे, ताठ, आणि माझ्याहून संशयी. "तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या तर नाय ना? मागं एक जण आला व्हता, असाच डबा बघतो म्हनला आन् सेन्सरच काढून नेला." मी माझं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते बॅटरीखाली धरून दोन्ही बाजूंनी वाचलं. मला बरं वाटलं. असं वाचणारा माणूस मला आवडतो.

वेलीच्या ओळीत खांबावर पांढरा डबा, त्याला पानाच्या उंचीवर ओलावा मोजणारी पट्टी. दवाने ती ओली होतीच. पडद्यावर ओलाव्याचे तास दिसत होते. मी भाऊसाहेबांना साक्षीदार म्हणून शेजारी उभं केलं, मोबाईलवर चित्रण सुरू केलं, आणि आम्ही तिघं थंडीत त्या आकड्याकडे बघत राहिलो. पाच पंचेचाळीस झाले. आकडा शून्य झाला. पट्टीवरून दवाचं पाणी तसंच निथळत होतं.

"आई उठली," सुजाता हळूच म्हणाली.

मला वाटलं होतं ती आनंदेल. तिने हात पुढे करून एक पान उलटं केलं, बघितलं, सोडलं. निघताना माझ्याकडे न बघता ती भाऊसाहेबांना म्हणाली, "काका, दव फार वेळ राहिलं तर डब्यावर सोडू नका, हातानेही बघत जा." ते हसले. "ताई, गेल्या साली डबा बोलला तवाच मी फवारा मारला. औषध निम्म्यानं कमी लागलं. आता आपल्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं." मी तिच्याकडे डोळे वटारले.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. ओट्यावर चहा झाला. सुजाता हात धुवायला हौदाकडे गेली, तेव्हा भाऊसाहेब माझ्याकडे झुकले.

"वकीलबाई, ह्या ताईंना म्या आधी पाह्यलेलं हाय."

"कुठे?"

"नाशकात, शेतीच्या प्रदर्शनात. कंपनीचा साहेब आन् ह्या, दोघं अर्धा तास बोलत व्हते. लय हसून. त्यानं ह्यांच्याकडनं कागद घेतला आन् खिशात घातला. आता मला काय, मी आपलं पाह्यलं ते सांगितलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. ही बाई त्या साहेबाला ओळखते. भेटली आहे. कागद दिला आहे. आणि माझ्याकडे आल्यापासून याबद्दल एक शब्द नाही. पैसे का नकोत, याचं उत्तर मला एका क्षणात मिळालं असं वाटलं. आधीच मिळाले असणार. आता काहीतरी बिनसलंय आणि ही मला पुढे करून त्यांना दाबते आहे. परतीच्या वाटेत मी तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. सरळ विचारायला एक वाक्य लागलं असतं, "तुम्ही त्या माणसाला कधी भेटलात का?" ते मी विचारलं नाही. अशिलाला सरळ विचारलं की तो सावध होतो, हे मी ज्युनिअर असल्यापासून शिकले आहे.

पत्र टाईप होऊन तयार होतं. सुजाताने त्याच दुपारी त्यावर सही केली आणि नांदगावची गाडी पकडली. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं.

नांदगावला माझा मावसभाऊ आहे, विनायक. तहसीलबाहेर स्टॅम्प विकतो. गावात कुणाच्या घरी फ्रिज आला तरी त्याला आधी कळतं. त्याला फोन केला की जरा बघ, या बाईंनी अलीकडे घर घेतलं का, गाडी, प्लॉट, काही. त्याने विचारलं, राहते कुठे? मी बौद्ध वस्तीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "बरं, बरं." त्या "बरं, बरं"चा अर्थ मला कळला, आणि मी त्यावर काही बोलले नाही. ती गंगापूर रोडच्या बंगल्यात राहणारी प्राध्यापक असती तर मी विनायकला फोन केला असता का, हा प्रश्न मला नंतर सुचला. नंतर म्हणजे फार नंतर. वकील संशय हा शब्द वापरत नाहीत, आम्ही त्याला पडताळणी म्हणतो. त्यामुळे झोप चांगली लागते.

त्या पडताळणीला आठ दिवस लागले. विनायकच्या मुलीची सोयरीक होती, मग तो एकदा जाऊन आला, पुन्हा एकदा गेला. मधल्या दिवसांत सुजाताचे दोन फोन आले, पत्र गेलं का मॅडम? "प्रक्रियेत आहे," मी म्हणाले. हे वाक्य आम्ही सरकारी कचेरीतून शिकतो आणि तिथून कधीच परत देत नाही. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं मळभ, आणि मग तीन दिवस धुकं आणि दव. दोरीवरचे कपडे वाळेनात. शाळेच्या रिक्षांतली मुलं स्वेटरात गुरफटून जायची. मी सकाळी नऊला गाडीच्या काचेवरचं पाणी फडक्याने पुसत होते आणि नाशिकची थंडी काय सुंदर असते असं मनात म्हणत होते. तीन सकाळी मी ती काच पुसली. दिंडोरीकडे तेच दव पानांवर आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आठव्या दिवशी विनायकचा फोन आला. "ताई, काही नाही गं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आई आणि ती. शाळेत सायकलने जाते. नवीन म्हणशील तर शाळेच्या गच्चीवर तो पावसाचा डबा हाय, तो बघितला. छान समजावून सांगितलं बाईंनी." मी त्याच दुपारी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि ईमेलही केला.

मला वाटलं होतं महिनाभर उत्तर येणार नाही, मग वकिलामार्फत नकार येईल. तासाभरात फोन आला. दुसऱ्या दिवशी मी अंबडला गेले. पत्र्याची शेड, आत मोटारीचे स्टार्टर जोडणाऱ्या बायका, कोपऱ्यात काचेची केबिन. साहेब म्हणजे पन्नाशीचा एक थकलेला इंजिनिअर, बोटांना सोल्डरचे डाग. ना मोठा माणूस, ना लुच्चा. मला वाईटच वाटलं, कारण मी तयारी लुच्च्या माणसाची करून गेले होते.

"मॅडम, आम्ही आयुष्यभर पॅनेल बनवले," तो म्हणाला. "नेटवर सर्किटची डायग्राम मिळते, बघून बनवतो, कुणी काही म्हणत नाही. हेही तसंच समजलो. नावं आमच्या पोराने काढली, म्हणाला फाईल लहान होते. गांगुर्डे मॅडमनी तर प्रदर्शनात स्वतः समजावून सांगितलं होतं. कागदही दिला होता." त्याने खण उघडून चाळलं आणि एक घडी घातलेला कागद काढला. शाळेच्या स्टॉलवर सगळ्यांना वाटलेलं पत्रक होतं ते. पहिल्या बाजूला पर्जन्यमापकाचं चित्र, खाली चार ओळींत लायसन्सची अट, साध्या मराठीत, ठळक अक्षरात. मागच्या बाजूला त्याने कुठल्यातरी पॅनेलची मापं लिहून ठेवली होती. खालच्या चार ओळी त्याने आजवर वाचल्या नव्हत्या.

माझ्या आठ दिवसांचं उत्तर त्या खणात होतं. ती नांदगावच्या गाडीत बसायच्या आधी तिला एक वाक्य विचारलं असतं तरी मिळालं असतं. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो, एक सर भेटले होते अंबडचे. मी तर जो येईल त्याला सांगत होते मॅडम, नावं कशी लक्षात राहतील? ते हेच, हे मला माहीत नव्हतं."

इंजिनिअरने शब्द दिला आणि पाळला. माझा तरीही विश्वास नव्हता. दाखवायला एक कोड देतील आणि डब्यात दुसराच ठेवतील, म्हणून मी सुजाताला ओळन् ओळ तपासायला लावली. तो खराच होता. सगळ्यांची नावं परत आली होती. डब्यात सिमकार्ड असतं, त्यामुळे तिची दुरुस्ती पत्र गेल्यापासून तिसऱ्या दिवशी सगळ्या बागांतल्या डब्यांत जाऊन बसली. मी बोटांवर हिशेब केला. पत्र खणात न ठेवता सहीच्याच दिवशी गेलं असतं, तर दुरुस्ती तिसऱ्या दिवशी झाली असती. मळभ चौथ्या दिवशी आलं.

दुरुस्ती खरोखर बसली का ते बघायला आम्ही पुन्हा पहाटे भाऊसाहेबांच्या बागेत गेलो. पावणेसहा वाजले, आकडा शून्य झाला नाही, पुढे चालू राहिला. मी चित्रण बंद केलं. उजाडल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "या, तुम्हाला एक दावतो," आणि ओढ्याकाठच्या प्लॉटकडे घेऊन गेले.

पानांवर तेलाचे थेंब सांडावेत तसे पिवळे डाग. त्यांनी पान उलटं केलं, खाली पांढरी बुरशी. घड तपकिरी पडून वाकडे झाले होते. भाऊसाहेबांनी एकाला बोट लावलं, तशी ती बारीक फुलं भुसासारखी गळाली. ओळीच्या ओळी तशा होत्या. वरच्या बाजूचे प्लॉट उन्हाला लवकर वाळतात, ते वाचले. हा सखल होता.

"चार दिस झाले दिसाय लागून," ते म्हणाले. "डबा काय बोलला नाय. पन डब्याला काय बोल लावू? ढग आलेले मला दिसत नव्हते का? ह्या ताईंनी तर सांगितलंबी व्हतं, हातानं बघ म्हनून. माझंच चुकलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात शब्द होतेसुद्धा. सुजाताने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग ती खाली वाकून गळलेली पानं गोळा करायला लागली, बुरशी पसरू नये म्हणून ती बागेबाहेर न्यावी लागतात. मीही वाकले. आम्ही तिघांनी घमेलं भरेपर्यंत पानं वेचली.

गाडीत मी तिला सांगायचं ठरवलं. म्हसरूळ येईपर्यंत शब्द जुळवत होते. "सुजाताताई, ते पत्र जायला उशीर झाला, त्याचं कारण..."

"माहितीय मॅडम," ती म्हणाली. "तुमचे भाऊ शाळेत येऊन गेले दोनदा, नातं त्यांनीच सांगितलं. पर्जन्यमापक बघायला आलो म्हणाले, आणि घराचं भाडं किती ते विचारलं. मुख्याध्यापकांना पगाराचंही विचारून गेले. चांगले आहेत स्वभावाने."

मी गाडी बाजूला घेतली. मला तिच्याकडे बघवेना. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पिशवी मांडीवर नीट घेतली आणि वर्गात मुलीची चूक दाखवताना बोलत असेल तशा आवाजात म्हणाली, "चौकशीचं मला काही नाही. आमची सगळेच करतात. पण मॅडम, पुढच्या वेळी पत्र आधी पाठवा आणि चौकशी मागाहून करा."

त्यानंतर तिने माझ्याकडे आणखी कामं पाठवली, तिच्यासारख्याच लोकांची. पंपाचा कोड लिहिणारा एक जण, शाळेच्या हजेरीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या दोघी मैत्रिणी. सगळ्यांचं मागणं तेच, उघडा करा, नावं ठेवा, पैसे नकोत. त्यांची पत्रं मी आलेल्या दिवशी पाठवते. समासातली प्रश्नचिन्हं मात्र सुटलेली नाहीत, तेवढी बरी झालेली मी नाही.

आणि दर फेब्रुवारीत भाऊसाहेब ओढ्याकाठच्या त्या प्लॉटमधली पहिली पेटी घेऊन ऑफिसात येतात. तिथे जो कुणी बसलेला असेल त्याला सांगतात, की ह्या बाईंनी आमचा डबा दुरुस्त करून घेतला, नायतर सगळीच बाग गेली असती. समोरचे लोक माझ्याकडे आदराने बघतात. मी पेटी ठेवून घेते, चहा मागवते, घरी नेऊन द्राक्षं धुते आणि खाते. भाऊसाहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.